एकाच ट्युबिंगमधून येणाऱ्या वायूची थरनिहाय वाटणी: समस्थानिकांचा ठसा कुठे चालतो आणि कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रातील एका प्लॅटफॉर्मवरच्या विहिरीत वायूचे तीन थर एकाच वेळी उघडलेले आहेत. तिन्हींचा वायू एकाच ट्युबिंगमधून वर येतो, ट्युबिंगमध्ये अडथळा असल्यामुळे प्रॉडक्शन लॉगिंगचे (कोणत्या थरातून किती प्रवाह येतो ते विहिरीत मोजणारे) उपकरण खाली उतरत नाही, आणि तरीही साठ्याच्या हिशेबासाठी प्रत्येक थराचे उत्पादन दरमहा वेगळे दाखवावे लागते. वायूतील कार्बन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) ही वाटणी करता येईल का, तिच्यावर किती भरवसा ठेवावा आणि त्यासाठी कोणते नमुने घ्यावेत, असे विचारले आहे.

वाटणी करता येते. मात्र प्रत्येक थराचा दुसऱ्यात न मिसळलेला नमुना हाताशी असला पाहिजे, आणि त्या नमुन्यांच्या ठशांत पुरेसे अंतर असले पाहिजे. यांतली एक अट जरी सुटली, तरी पुढचे मोजमाप कितीही काटेकोर केले तरी उत्तर डळमळीतच राहते. या पद्धतीची जी कामे फसलेली मी पाहिली, त्यांतील बहुतेकांत प्रयोगशाळेचा काहीच दोष नव्हता. थर एकत्र उघडण्याआधीच्या दिवसांत, रिग जागेवर असताना, नमुना घ्यायचा राहून गेला होता. ती संधी एकदा गेली की बहुधा परत येत नाही.

आधी ठसा कशाचा ते पाहू. निसर्गातील कार्बनमध्ये जड कार्बन-१३ चे प्रमाण सुमारे १.१ टक्के असते, आणि वायू कसा तयार झाला यावर हे प्रमाण किंचित कमी-अधिक होते. हा फरक एका आंतरराष्ट्रीय मानकाच्या तुलनेत हजारात किती, म्हणजे परमिलमध्ये मांडतात. नैसर्गिक वायूतील मिथेन मानकापेक्षा हलका असल्यामुळे आकडे उणे येतात. थंड, उथळ गाळात जिवाणूंनी तयार केलेला मिथेन साधारण उणे ५५ ते उणे ६० परमिलपेक्षाही हलका असतो आणि त्याच्यासोबत इथेन-प्रोपेन जवळपास नसतात. खोलवर उष्णतेने तयार झालेला मिथेन साधारण उणे ५० ते उणे २० या पट्ट्यात येतो, आणि मूळ खडक जितका अधिक तापलेला, तितका वायू जड होत जातो. इथेन, प्रोपेन आणि ब्युटेन यांची स्वतःची मूल्ये असतात. मिथेनमधील ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण हे आणखी एक मोजमाप, आणि कार्बन डायऑक्साइड असल्यास त्याच्या कार्बनचे मूल्य हे वेगळेच.

ही पद्धत मुळात वाटणीसाठी आलेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात भूमिगत वायू साठवणुकीच्या जागांजवळ उथळ विहिरींत वायू सापडत असे. तो साठवणुकीतून गळलेला आहे की तिथल्याच गाळात जिवाणूंनी केलेला आहे, हे ठरवण्यासाठी समस्थानिकांचा उपयोग झाला. ‘हा वायू कुणाचा’ या प्रश्नाचे उत्तर मिळू लागल्यावर ‘कुणाचा किती’ हा प्रश्न ओघाने आलाच. तेलाच्या बाबतीत वाटणीचे काम गॅस क्रोमॅटोग्राफवरील (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरील) शेकडो लहान शिखरांच्या गुणोत्तरांवरून होते. कोरड्या, म्हणजे बहुतांश मिथेन असलेल्या वायूत मोजण्याजोगी शिखरे चार-पाचच असतात, म्हणून तिथे समस्थानिकांचा आधार घ्यावा लागतो.

मिश्रणाचे तत्त्व आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रावरच्या कुणालाही समजेल असे आहे. गाईच्या दुधाची फॅट ३.५ आणि म्हशीच्या दुधाची ६.५ असेल आणि कॅनमधल्या मिश्रणाची ५.० लागली, तर दोन्ही निम्मे-निम्मे आहे. वायूत एकच भर घालावी लागते: समस्थानिकाचे मूल्य संपूर्ण वायूचे नसते, त्या-त्या घटकाचे असते. मिथेनचे मूल्य मिथेनपुरते बोलते, इथेनचे इथेनपुरते. ज्या थरात इथेन जास्त, तो थर मिश्रणाच्या इथेनवर आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त छाप पाडतो. नवीन लोकांचे हात इथेच भाजतात, म्हणून आकडे घेऊन सांगतो. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत.

समजा वरच्या थरातील वायूत ९८ टक्के मिथेन आणि ०.६ टक्के इथेन आहे; मिथेनचे मूल्य उणे ६२ आणि इथेनचे उणे ३८ परमिल आहे. खालच्या थरात मिथेन ८६ टक्के आणि इथेन ७ टक्के आहे. मूल्ये अनुक्रमे उणे ४२ आणि उणे २९. वेलहेडवरच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी घेतलेल्या मिश्रणात मिथेन उणे ५४.६ आणि इथेन उणे ३०.० आले. मिथेनपुरते पाहिले तर दोन टोकांतले अंतर २० आहे आणि मिश्रण खालच्या थरापासून १२.६ ने सरकले आहे, म्हणजे मिश्रणातील ६३ टक्के मिथेन वरच्या थराचा. पण विचारलेला वाटा मिथेनचा नाही, एकूण वायूचा आहे. दोन्ही थरांचे मिथेनचे वाटे त्यांच्या-त्यांच्या मिथेनच्या प्रमाणाने भागून पुन्हा शंभरावर आणले की वरच्या थराचा वाटा ६० टक्के निघतो. ही तीन टक्क्यांची चूक दरमहा पुढे ओढली जाते आणि वर्षअखेरीस साठ्याच्या ताळेबंदात अंगावर येते.

हेच गणित इथेनवरून केले तर मिश्रण खालच्या थरापासून ९ पैकी १.० ने सरकलेले दिसते, म्हणजे वरच्या थराचा इथेन फक्त ११ टक्के. प्रमाणाने भागल्यावर एकूण वायूचा वाटा ५९ टक्के येतो. उत्तर जवळपास तेच आले, आणि हे समाधानकारक आहे. पण भरवशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिश्रणाच्या मिथेनचे मोजमाप ०.३ परमिलने इकडे-तिकडे झाले तर वाटा ५८ ते ६१ टक्क्यांच्या आसपास हलतो. इथेनचे मोजमाप तेवढेच हलले तर वाटा ५० ते ६६ टक्क्यांपर्यंत भरकटतो. म्हणून उदाहरणातल्या या विहिरीत वाटणी मिथेनवरून करावी आणि इथेन साक्षीदार म्हणून ठेवावा. साक्षीदार म्हणून त्याची किंमत मोठी आहे. मिश्रणाचा इथेन उणे ३०.० ऐवजी उणे ३२ लागला असता, तर इथेनच्या हिशेबाने वरच्या थराचा वाटा ८५ टक्क्यांच्या घरात गेला असता, आणि मिथेन मात्र ६० म्हणत राहिला असता. असा विरोध दिसला की सरासरी काढून मोकळे होऊ नये. दोन थरांखेरीज तिसराच वायू कुठून तरी येत आहे, किंवा एखाद्या थराचा मूळ नमुना चुकीचा आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. केसिंगमागून (विहिरीच्या पोलादी अस्तरामागून) चढणारा वायू मी अशाच विसंगतीवरून ओळखला गेलेला पाहिला आहे.

याच उदाहरणात नुसत्या इथेनच्या टक्केवारीवरूनही (मिश्रणात ती सुमारे ३.२ लागेल) ६० टक्के हे उत्तर निघते, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. जिथे थरांच्या घटकांत एवढा फरक आहे आणि वायू कोरडा आहे, तिथे साधा क्रोमॅटोग्राफ पुरतो. समस्थानिकांवर खर्च करण्याची घाई करू नये. समस्थानिकांचा फायदा ओल्या, म्हणजे ज्यातून द्रव सुटतो अशा वायूत दिसतो. सेपरेटरचा (वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या टाकीचा) दाब आणि तापमान बदलले की जड घटक द्रवात किती गेले हे बदलते, आणि वायूची टक्केवारी थराशी संबंध नसताना हलते. वायूचा द्रव होताना कार्बनच्या समस्थानिकांत पडणारा फरक मोजमापाच्या त्रुटीएवढाच असतो, त्यामुळे ठसा टिकून राहतो. तरीही टक्केवारी लागतेच, कारण वर दाखवलेल्या भागाकाराशिवाय वाटा निघत नाही. ती मात्र सेपरेटरवरचा वायू आणि द्रव पुन्हा हिशेबाने एकत्र करून घ्यावी.

अंतर किती असावे? तिन्ही मूल्यांत, म्हणजे दोन्ही थर आणि मिश्रण यांत, ०.३ परमिलची अनिश्चितता धरली आणि वाटा निम्म्याच्या आसपास असला, तर वाट्यातील त्रुटी साधारण ०.३७ भागिले दोन थरांतले अंतर एवढी येते. अंतर २० परमिल असेल तर त्रुटी दोन टक्क्यांच्या आत राहते, ३ परमिल असेल तर १२ टक्के होते, आणि १.५ असेल तर २४ टक्के; या शेवटच्या स्थितीत नाणे उडवून वाटणी केली तरी फारसे बिघडत नाही. म्हणून पहिला खर्च मूळ नमुन्यांवर करावा, अंतर बघावे, आणि अंतर पुरेसे नसेल तर तिथेच थांबावे. मी ४-५ परमिलपेक्षा कमी अंतरावर वाटणी करून देताना आकड्याऐवजी पट्टाच (किमान ते कमाल) लिहून देतो.

तीन थर झाले की अडचण दुपटीने वाढत नाही, तिचे स्वरूपच बदलते. तीन अज्ञात वाट्यांची बेरीज शंभर असल्यामुळे एकमेकांपासून स्वतंत्र अशी किमान दोन मोजमापे लागतात. कागदावर मोजमापे भरपूर दिसतात: मिथेनचा कार्बन, मिथेनचा हायड्रोजन, इथेन, प्रोपेन. पण ती स्वतंत्र असतातच असे नाही. निसर्गात मधला थर पुष्कळदा खालच्या थरातून वर झिरपलेल्या औष्णिक वायूने आणि उथळ जिवाणूजन्य वायूने मिळून भरलेला असतो. म्हणजे लाखो वर्षांपूर्वी निसर्गाने जे मिश्रण केले, तेच तुम्ही आज ट्युबिंगमध्ये करत आहात. अशा मधल्या थराचा ठसा वरच्या आणि खालच्या थराला जोडणाऱ्या मिश्रणरेषेवरच पडतो. मग वेलहेडवरचा वायू शंभर टक्के मधल्या थराचा आहे, की वरचा आणि खालचा थर मिळून तसा दिसतो आहे, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. संगणक मात्र उत्तर देतो! लघुतम वर्गांची पद्धत तीन नीटनेटके आकडे छापते, त्यांची बेरीज शंभर भरते, आणि ते आकडे हातात घेऊन बैठकीत बसणारे लोक त्यांवर विश्वास ठेवतात. म्हणून उत्तरासोबत नेहमी हजारो वेळा किंचित बदललेल्या आकड्यांवर तीच आकडेमोड चालवून वाट्यांचा पसारा पाहावा. मधल्या थराचा वाटा ० ते ७० टक्क्यांपर्यंत पसरलेला दिसला, की खरे चित्र समोर येते.

यातून सुटण्याचे मार्ग आहेत. मधल्या थरात नंतर काही घडलेले असेल, तर तो रेषेवरून बाजूला सरकतो. जिवाणूंनी प्रोपेन खाल्लेला असेल तर उरलेला प्रोपेन ठळकपणे जड होतो, तर इथेन आणि मिथेन त्यामानाने तसेच राहतात. अशा थरात प्रोपेनचे मूल्य हीच त्याची ओळख ठरते. कार्बन डायऑक्साइडचा उगम मिथेनपेक्षा वेगळा असल्यामुळे त्याचा कार्बनही उपयोगी पडतो. हेलियम आणि आर्गॉनची समस्थानिके हा महाग पण स्वतंत्र पुरावा आहे, कारण त्यांचे प्रमाण सेंद्रिय द्रव्याच्या तापण्यावर अवलंबून नसते. तरीही काही जुळले नाही, तर मधला थर शेजारच्या ज्या थराशी मिळताजुळता आहे त्याच्याशी जोडून दोनच गटांचा हिशेब द्यावा. हे साठ्याच्या अभियंत्याला आवडत नाही, पण खोट्या तीन आकड्यांपेक्षा खरे दोन आकडे त्याच्या मॉडेलला कमी इजा करतात.

आता मूळ नमुने. सर्वांत चांगला नमुना म्हणजे प्रत्येक थर स्वतंत्रपणे वाहता ठेवून केलेल्या चाचणीतला, किंवा वायरलाइनच्या (तारेवरून विहिरीत सोडलेल्या) उपकरणाने थरातूनच काढलेला. ते नसेल तर खोदकामाच्या वेळी विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलातून निघालेल्या वायूच्या नळ्या, ज्या मड लॉगिंगच्या युनिटमध्ये ठरावीक अंतरावर भरता येतात, त्यांचा आधार घ्यावा. चिखलातून वेगवेगळे घटक वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर पडतात, त्यामुळे त्यांची टक्केवारी भरवशाची नसते, पण समस्थानिकांची मूल्ये बऱ्याच अंशी टिकतात. दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. तेल-आधारित चिखल वापरला असेल तर वरच्या थरांचा वायू त्यात विरघळून पुन्हा खाली जातो आणि फिरत राहतो. आणि पीडीसी (कृत्रिम हिऱ्याचे दात असलेली) बिट कठीण खडकात फिरताना इतकी तापू शकते की चिखलातल्या तेलाचेच विघटन होऊन वायू तयार होतो. त्याची खूण म्हणजे नळीत इथिलीन सापडणे. नैसर्गिक वायूत इथिलीन जवळजवळ नसते, म्हणून ते दिसलेली नळी मूळ नमुना म्हणून वापरू नये. कटिंग्ज (खोदताना निघालेले खडकाचे तुकडे) डब्यात भरून ठेवलेली असतील तर त्यात जिवाणूनाशक घातले होते का ते विचारावे. घातले नसेल तर साठवणुकीत जिवाणूंनी वायू खाल्लेला असतो आणि मूल्ये सरकलेली असतात.

तुमच्या विहिरीत तिन्ही थर आधीच उघडलेले आहेत, तेव्हा हे सगळे उशिराचे शहाणपण वाटेल. दोन वाटा शिल्लक आहेत. त्याच क्षेत्रातील शेजारच्या एखाद्या विहिरीत हे थर स्वतंत्रपणे उघडलेले असतील तर तिथला वायू घ्यावा, मात्र तो थर दोन्ही विहिरींत सलग आहे याची दाबाच्या नोंदींवरून खात्री करून. एकाच नावाचा थर भ्रंशाच्या (खडक तुटून सरकलेल्या जागेच्या) दोन बाजूंना वेगळ्या वायूने भरलेला असू शकतो. दुसरी वाट जास्त रंजक आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. विहीर तीन-चार वेगवेगळ्या चोकवर (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या वेगवेगळ्या उघडीपीवर), प्रत्येक वेळी प्रवाह स्थिर होईपर्यंत चालवावी आणि प्रत्येक वेळी नमुना घ्यावा. चोक बदलला की तळाचा दाब बदलतो. जास्त दाबाच्या थराला त्याचा फरक कमी जाणवतो, कमी दाबाच्या थराचा वाटा झपाट्याने वाढतो किंवा बंद पडतो. हे नमुने मिथेनच्या कार्बन आणि हायड्रोजनच्या मूल्यांच्या आलेखावर मांडले की ते एका रेषेत पडतात की पसरतात ते दिसते. रेषेत पडले तर बहुधा दोनच वेगळे वायू वाहत आहेत, उघडलेले थर तीन असोत की पाच. मूळ नमुने नसताना वाटा निघणार नाही. पण किती वेगळे वायू खरोखर येत आहेत याचा यातून अंदाज येतो. आणि मूळ नमुने असतील, तर प्रत्येक चोकवरच्या वाट्याला एकूण दराने गुणून, तळाच्या दाबासमोर मांडून प्रत्येक थराचा स्वतंत्र प्रवाह-आलेख काढता येतो, आणि तो शून्य दरापर्यंत वाढवला की त्या थराचा स्थिर दाबही हाती लागतो. प्रॉडक्शन लॉगिंग वेगवेगळ्या दरांवर चालवून जे मिळते, तेच इथे नमुन्यांच्या सिलिंडरांच्या जोरावर मिळते.

नमुना घेण्याची वेळ हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. विहीर बंद असताना जास्त दाबाच्या थरातला वायू कमी दाबाच्या थरात शिरतो. विहीर उघडल्यावर कमी दाबाचा थर आधी हा उसना घेतलेला वायू परत देतो, आणि त्या काळात घेतलेला नमुना जास्त दाबाच्या थराचा वाटा फुगवून दाखवतो. बंद किती वेळ होती यावर किती थांबावे ते ठरते. मी वेलहेडच्या दाबाची नोंद सपाट होऊन गेल्यावरही काही तासांच्या अंतराने दोन नमुने घेतो. दोन्हींची मूल्ये जुळली तरच ती वाटणीसाठी वापरतो.

प्रत्यक्ष नमुना सेपरेटरच्या वायूच्या बाजूने, लाइनच्या वरच्या अंगाला असलेल्या नळातून घ्यावा. खालच्या अंगाच्या नळातून द्रव येतो. सिलिंडर उभा धरून, त्यात लाइनचा वायू भरून सोडून देण्याची क्रिया अनेक वेळा करावी. पहिल्या एक-दोन वेळांत मागच्या नमुन्याचा आणि हवेचा अंश निघतच असतो. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या वायूसाठी, जसा अरबी समुद्रातील वसईच्या क्षेत्रातून हजिऱ्याला जाणाऱ्या वायूत असतो, आतून लेप दिलेले सिलिंडर वापरावेत आणि प्रयोगशाळेला आधी कळवावे, कारण गंधकामुळे त्यांच्या भट्टीतील उत्प्रेरक खराब होतात. सिलिंडरच्या चिठ्ठीवर नुसते विहिरीचे नाव आणि तारीख पुरत नाही. चोक, ट्युबिंग हेडचा दाब, सेपरेटरचा दाब व तापमान, विहीर शेवटची कधी आणि किती वेळ बंद होती, आणि नमुना कोणत्या नळातून घेतला, एवढे त्या वेळीच लिहावे. सहा महिन्यांनी एखादा आकडा विचित्र दिसतो तेव्हा या चिठ्ठीखेरीज दुसरा आधार नसतो.

तुमची विहीर वायूची आहे, तेव्हा गॅस लिफ्टचा (तेल वर चढवण्यासाठी विहिरीत बाहेरून वायू सोडण्याचा) प्रश्न येत नाही. पण मुंबई हायसारख्या क्षेत्रात एल-२ आणि एल-३ यांसारख्या चुनखडीच्या थरांतून तेल काढणाऱ्या अनेक विहिरी गॅस लिफ्टवर चालतात, आणि तिथे हीच पद्धत वापरायची म्हटली की पहिली अडचण लिफ्टचा वायू हीच येते. सेपरेटरवर येणाऱ्या १०० भागांपैकी ६० भाग लिफ्टचा वायू असेल, तर थरातून आलेला वायू फक्त ४० भाग. लिफ्टचा वायू वजा करून थराच्या वायूचे मूल्य काढताना मोजमापाची त्रुटी अडीचपट होते; ०.३ चे ०.७५ परमिल होते, आणि लिफ्टच्या मीटरची चूक त्यावर आणखी चढते. शिवाय लिफ्टचा वायू हा बहुधा त्याच क्षेत्रातील अनेक विहिरींचा एकत्र वायू असतो, त्यामुळे त्याचा ठसा थरांच्या ठशांच्या मध्ये कुठेतरी पडतो आणि वर सांगितलेला मधल्या थराचा पेच नव्याने उभा राहतो. कॉम्प्रेसरला येणारा वायू रोज सारखा नसतो, म्हणून लिफ्टच्या वायूचा नमुना त्याच दिवशी, विहिरीच्या नमुन्याच्या काही तास आधीचा घ्यावा. अॅन्युलसमधून (ट्युबिंग आणि केसिंगमधल्या पोकळीतून) खाली जाऊन वर यायला त्याला वेळ लागतो. लिफ्ट बंद करून नमुना घ्या, असा सल्ला काहीजण देतात. विहीर स्वतःहून वाहत असेल तर ते शक्य आहे, पण लिफ्ट बंद झाल्यावर तळाचा दाब वाढतो आणि थरांचे वाटे बदलतात. मिळालेले उत्तर अचूक असते, फक्त ते वेगळ्या विहिरीचे असते म्हणा ना.

प्रयोगशाळेबाबत थोडक्यात. वायूतील घटक क्रोमॅटोग्राफवर वेगळे करून, प्रत्येक घटक सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि ४४, ४५ व ४६ या वस्तुमानांच्या रेणूंचे गुणोत्तर मोजतात. हायड्रोजनसाठी घटक आणखी वरच्या तापमानाला फोडून हायड्रोजन वायू मिळवतात. कार्बनची अचूकता चांगल्या प्रयोगशाळेत ०.२ ते ०.५ परमिल असते. हायड्रोजनची २ ते ५ परमिल, पण त्यात थरांमधली अंतरेही मोठी असल्यामुळे ती चालून जाते. वाटणीला मूल्य खरे किती यापेक्षा मूल्यांमधले अंतर खरे किती याच्याशी कर्तव्य असते, म्हणून मूळ नमुने आणि मिश्रणे एकाच प्रयोगशाळेत, शक्यतो एकाच फेरीत मोजून घ्यावीत. हलक्या टोकाचे जुने मानक असलेला एलएसव्हीईसी हा लिथियम कार्बोनेट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सरकतो हे लक्षात आल्यावर त्याचा कार्बनसाठी वापर थांबवण्याची शिफारस झाली; त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अहवालातील मूळ मूल्ये आणि आजचे मिश्रण यांची सरळ वजाबाकी करू नये. आणि एक जुनी सवय सांगतो: मूळ नमुन्यांतून ठरलेल्या प्रमाणात केलेली दोन-तीन मिश्रणे नाव न सांगता प्रयोगशाळेकडे पाठवावीत. परत आलेल्या आकड्यांवरून काढलेला वाटा तुम्ही मिसळलेल्या प्रमाणाशी किती जुळतो, हीच तुमच्या पद्धतीची खरी त्रुटी.

मूळ ठसा काळानुसार बदलत नाही, हे आपण गृहीत धरलेले असते. चांगल्या पारगम्यतेच्या वाळूत किंवा चुनखडीत ते बऱ्यापैकी खरे आहे. कोळशाच्या थरांतील मिथेनमध्ये ते सरळ धरता येत नाही: राणीगंजसारख्या क्षेत्रात एकाच विहिरीत कोळशाचे अनेक थर उघडतात, आणि कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटलेला मिथेन सुटत जाताना त्याचे मूल्य हळूहळू जड होत जाते. तिथे खोदकामात काढलेला कोळशाचा गाभा ज्यात बंद करून ठेवतात त्या डब्यातून पहिल्या दिवशी निघालेला वायू मूळ नमुना म्हणून वापरला तर पुढची सगळी वाटणी एका बाजूला झुकते. डब्यातून सुटलेल्या संपूर्ण वायूची भारित सरासरी लागते.

ठशाची आणखी एक मर्यादा वादाच्या प्रसंगी लोक विसरतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात शेजारच्या दोन ब्लॉकमधील वाळूचे थर सलग असून वायू हद्दीपलीकडे सरकल्याचा अहवाल २०१५ मध्ये त्रयस्थ सल्लागारांनी दिला होता. अशा सलग थरात दोन्ही बाजूंचा वायू एकसारखा असेल, तर त्यातला कोणता रेणू हद्दीच्या कोणत्या बाजूचा हे ठसा सांगू शकत नाही. तिथे दाबाच्या नोंदी आणि साठ्याचे मॉडेलच बोलते. वेगळेपण असेल तिथेच ही पद्धत वाटणी करते.

तुमच्या विहिरीसाठी मी पुढील क्रमाने जाईन. खोदकामाच्या वेळच्या मड गॅसच्या नळ्या आणि चाचणीचे नमुने भांडारात आहेत का ते शोधावे. ते बहुधा कुणाच्या तरी कपाटात असतातच. जे थर त्यात मिळाले नाहीत, त्यांची भर शेजारच्या विहिरींतून घालावी. तिन्ही थरांची अंतरे पाहून, मधला थर रेषेवर पडतो का ते तपासून, मगच मिश्रणाच्या नमुन्यांचा खर्च मंजूर करून घ्यावा. पहिल्या फेरीत तीन चोकवर नमुने घ्यावेत. त्यानंतर दर तिमाहीला एक नमुना पुरे. मधल्या महिन्यांचे वाटे चोकच्या फेरीतून मिळालेल्या प्रवाह-आलेखांवर आणि तळाच्या दाबावर काढावेत, आणि पुढच्या नमुन्याने ते दुरुस्त करावेत. विहीर मध्येच बराच काळ बंद राहिली किंवा पाणी येऊ लागले, तर तिमाहीची वाट न पाहता नमुना घ्यावा, कारण पाण्याने एखादा थर दबला की वाटे एका आठवड्यात बदलू शकतात. मासिक पत्रकात प्रत्येक थरासमोर आकड्यासोबत त्याचा पट्टा लिहावा, आणि पट्टा वाट्याच्या निम्म्याहून मोठा झाला तर तो थर त्या महिन्यापुरता शेजारच्या थरात मिळवून दाखवावा.